खोडदच्या तबकड्या आणि हायड्रोजनची गाडी

नाणेघाटातील दगडी रांजण ज्याने पाहिला आहे, त्याला जुन्नरच्या प्राचीन व्यापाराची निराळी साक्ष द्यावयास नको. सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांचा माल याच घाटाने वर चढत असे. त्या जुन्नर तालुक्यात आणि शेजारच्या आंबेगावात मात्र अद्याप आगगाडी नाही. नारायणगावचे टोमॅटो व मंचरचा कांदा मालमोटारींतून जातो, आणि पुण्यास शिकावयास निघालेला मुलगा एस.टी.ची वाट पाहत तिष्ठतो.

पुणे-नाशिक लोहमार्गाने हे उणे भरून निघेल, अशी लोकांना आशा होती. सुमारे २३५ किलोमीटरच्या या मार्गावर ताशी २०० किलोमीटर वेगाच्या विजेच्या गाड्या धावाव्यात, अशी योजना होती. तिच्या आड आली ती एखादी दरी नव्हे, तर दुर्बीण! नारायणगावाजवळील खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण जगातील मोठ्या दुर्बिणींत गणली जाते. तिला ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. १४ तबकड्या मध्यभागी आहेत. उरलेल्या १६ तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात. या लहरी अतिशय क्षीण असतात. जत्रेत ढोल वाजत असता कोणी कानाशी कुजबुजावे, तशी त्यांची स्थिती होते. विजेच्या तारेवर उडणारी ठिणगीदेखील येथे ढोलाचे काम करते. म्हणून २०२५ मध्ये रेल्वेमंत्रालयाने हा मार्ग बदलून अहिल्यानगर व शिर्डीच्या बाजूने नेण्याचे सांगितले. जुन्नर-आंबेगावकरांचा हिरमोड झाला, आणि तो रास्तच म्हटला पाहिजे.

मग तारेवाचून धावणारी हायड्रोजनची गाडी येथे का आणू नये? या गाडीच्या इंधनघटात हायड्रोजन व हवेतील प्राणवायू यांचा संयोग होतो. त्यातून वीज निर्माण होते आणि मागे केवळ पाणी उरते. धूर नाही, तारही नाही. जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यात २०१८ मध्ये अशा गाड्या प्रवासी नेऊ लागल्या. आपल्या रेल्वेनेही हरियाणातील जिंद ते सोनीपत या ८९ किलोमीटरच्या मार्गासाठी अशी गाडी तयार केली आहे.

कल्पना मोहक खरी, पण हिशेब कठोर आहे. हायड्रोजन खाणीतून निघत नाही. तो स्वच्छ रीतीने हवा असेल, तर वीज खर्चून पाण्यापासून मिळवावा लागतो. तो भलताच विरळ असल्यामुळे हवेच्या दाबाच्या सुमारे ३५० पट दाबाने टाक्यांत कोंबावा लागतो. गाडीत त्याची पुन्हा वीज करावयाची! या द्राविडी प्राणायामात १०० भाग विजेपैकी जेमतेम ३० भाग चाकांपर्यंत पोहोचतात. तारेतून थेट घेतल्यास ७५ हून अधिक पोहोचतात. जर्मनीतील त्या गाड्यांचा वेगही ताशी १४० किलोमीटरपर्यंतच. पुढे इंधनघटांच्या तुटवड्यामुळे त्यांतील कित्येक गाड्या उभ्या राहिल्या. त्याच राज्याने २०२३ मध्ये पुढील खरेदीसाठी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या निवडल्या, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

शिवाय तार गेली म्हणजे गोंगाट संपला, असेही नाही. हायड्रोजनच्या गाडीतही विजेची मोटार फिरते, आणि तिला वीज पुरवणारी यंत्रे रेडिओ लहरी सोडतातच. एवढा खर्च करूनही तबकड्यांचे कान किटणार असतील, तर काय मिळविले?

खोडदच्या परिसरापुरतीच तार नको असेल, तर सगळी गाडी हायड्रोजनवर चालविणे हे उंदरासाठी डोंगर पोखरण्यासारखे होईल. तारेखाली धावता धावता बॅटरी भरून घ्यावी, खोडद जवळ येताच तारेशी संबंध तोडावा आणि तेवढे अंतर साठविलेल्या विजेवर काटावे, हा मार्ग अधिक सोपा व स्वस्त दिसतो. अर्थात येथेही मोटारीचा गोंगाट राहतोच. तो यंत्रांभोवती धातूचे आवरण घालून किती दाबता येतो, हे मोजूनच ठरेल. त्यासाठी अशी एक गाडी दुसऱ्या एखाद्या मार्गावर चालवून रेल्वेच्या अभियंत्यांनी आणि खोडदच्या शास्त्रज्ञांनी ती मोजणी एकत्र करावी. नारायणगाव-मंचरच्या लोकांना नकार द्यावयाचाच असेल, तर त्या मोजणीचे आकडे त्यांच्यापुढे ठेवून द्यावा.