माळ्यावरची कॅसेट हा आपला दस्तऐवज आहे!

आपला इतिहास इतरांनी लिहिला नाही, ही आपली जुनी तक्रार आहे आणि ती शंभर टक्के खरी आहे. पण जो इतिहास आपल्याच लोकांनी पोटाला चिमटा घेऊन चित्रित करून ठेवला, तो आपल्याच घराच्या माळ्यावर सडतो आहे. त्याचा जाब कुणाला विचारायचा?

टिटवाळा, आंबिवली, कल्याण, ठाणे. इथल्या चाळींत आणि वस्त्यांत नव्वदच्या दशकात व्हिडिओ शूटिंग आले. मंगलपरिणय, नामकरण, भीमजयंतीची मिरवणूक, विहाराची पायाभरणी, हे सारे व्हीएचएस कॅसेटवर उतरले. आज त्याबद्दल विचारले की तरुण म्हणतात, "लग्नाचीच तर कॅसेट आहे, काय करायची?"

बांधवांनो, त्या 'लग्नाच्या कॅसेट'मध्ये काय आहे ते नीट बघा. भटजी नाही, होम नाही. पांढऱ्या साडीतली वधू आहे, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा आहेत, त्रिशरण-पंचशील आहे. मागे बसलेली म्हातारी माणसे १९५६ च्या धम्मदीक्षेच्या पिढीतली आहेत. त्यातली बहुतेक आज हयात नाहीत. कुणीतरी गायक पेटी-ढोलकीवर भीमगीत म्हणतो आहे. त्याचे नाव कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. एका समाजाने आपले जगणे कसे बदलले, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

७ डिसेंबर १९५६ ची बाबासाहेबांची अंत्ययात्रा आज आपण पडद्यावर पाहू शकतो, कारण नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून ती चित्रित केली. त्यांनी कुणाच्या आदेशाची वाट पाहिली नाही. लोकशाहीर विलास घोगरेंचेही तसेच. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि त्या दुःखात घोगरेंनी जीवन संपवले. तरीही त्यांचे गाणे आज ऐकू येते, कारण आनंद पटवर्धन यांनी ते आधी 'हमारा शहर'साठी चित्रित केले होते आणि जपलेही होते. पुढे २०११ मध्ये 'जयभीम कॉम्रेड'मधून ते गाणे पुन्हा उभे राहिले. चित्रीकरण जपले तर मेलेला माणूसही साक्ष देतो. आपल्या वस्तीतल्या गायकांची साक्ष मात्र आपण बुरशीच्या हवाली केली आहे.

होय, बुरशीच्या! कॅसेटची फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय पूड. तो चिकटवणारा थर हवेतला ओलावा शोषतो. काळू नदीकाठच्या टिटवाळ्यात चार महिन्यांच्या पावसात पत्र्याखाली ठेवलेल्या फितीचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. दुसरीकडे यंत्रेच संपत चालली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. आता मिळतील ती जुनी, दुरुस्त केलेली यंत्रे.

काम अवघड नाही, पण चिकाटीचे आहे. चालू व्हीसीआर, पिवळी-लाल-पांढरी वायर, कॅप्चर कार्ड आणि एक संगणक एवढे पुरते. मात्र घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट संगणकावर घ्यायला तीन तासच लागतात. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. डीव्ही स्वरूपात एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. जागा वाचवायला सुरुवातीलाच फाइल दाबून छोटी करू नका. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर ठेवा आणि कापाकापी करायची ती तिसऱ्या प्रतीवर करा.

हे आम्ही बजावून सांगतो, कारण खरा घात 'एडिटिंग'मध्ये होतो. 'कंटाळवाणे' म्हणून भाषण कापले जाते. भन्तेंच्या वंदनेवर फिल्मी गाणे चढवले जाते. कोपऱ्यातली, फाटक्या लुगड्यातली आजी चांगली दिसत नाही म्हणून गाळली जाते. ज्यांना व्यवस्थेने हजारो वर्षे चौकटीबाहेर ठेवले, त्यांना आपणच पुन्हा चौकटीबाहेर काढायचे? छोटा व्हिडिओ करून जरूर वाटा, पण मूळ चित्रणाला हात लावू नका.

पैसे नाहीत, ही सबब आम्हाला मान्य नाही. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेला आपण जे पैसे मोजतो, त्यात वस्तीतल्या सगळ्या कॅसेटी उतरवण्याची सामग्री येईल. डीजेचा आवाज सकाळी विरून जातो. शहिराचा आवाज एकदा गेला की परत येत नाही.

बार्टीने आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेने आपल्या ग्रंथालयांतून ही सोय मोफत द्यावी, ही आमची मागणी आहे. जनतेच्या पैशावर जनतेच्या स्मृतीचा हक्क आहे. पण सरकार जागे होईपर्यंत फीत थांबणार नाही. प्रत्येक विहाराने दोन शिकलेली पोरे या कामाला लावावीत. प्रत्येक कॅसेटवर गाव, साल, प्रसंग आणि दिसणाऱ्या माणसांची नावे लिहून घ्यावीत. ती नावे सांगू शकणारी माणसे अजून जिवंत आहेत तोवरच हे काम होईल.

येत्या पावसाळ्याआधी माळा उतरवा!

जयभीम!