विषय पावसाचा, खूण पुराची

पावसाळा आला की हौशी छायाचित्रकारांच्या स्पर्धांना बहर येतो. ‘पाऊस’, ‘हिरवाई’ असा एखादा विषय जाहीर होतो आणि महाड-पोलादपूरची तरुण मंडळी मोबाईल घेऊन वरंध घाटाकडे, आंबेनळीकडे वा रायगडाच्या पायथ्याशी धाव घेतात. या छंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. विषय ठरवून दिला की नजरेला शिस्त लागते. एरवी घाईने जाणारा माणूस थांबून पाहू लागतो. कारकुनाला वा विद्यार्थ्याला इतक्या अल्प खर्चात मिळणारे शिक्षण विरळाच.

परंतु बक्षीस जिकडे, तिकडे माणसे वळतात, हे अर्थशास्त्राचे साधे सूत्र आहे. बक्षीस केवळ देखणेपणाला असेल, तर एकाच धबधब्याची शंभर छायाचित्रे निघतील. घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम येथेही लागू पडतो: शंभराव्या छायाचित्राने समाजाच्या ज्ञानात काय भर पडते?

२२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पाणी ओसरल्यावर भिंतीभिंतीवर चिखलाची रेघ उरली होती. पुढे रंगरंगोटी झाली आणि ती दिसेनाशी झाली. आमच्या घरातील रेघ मी स्वतः छायाचित्र न काढताच धुऊन टाकली, हे येथे कबूल केले पाहिजे. पाणी कोठवर चढले याचा तो पुरावा होता. पूररेषा आखताना, दुकानातील माल किती उंचीवर ठेवावा हे ठरविताना, असाच पुरावा उपयोगी पडतो.

विषयबद्ध स्पर्धेतून टिकाऊ ठेवा उभा राहू शकतो, याला उदाहरण आहे. २०१० साली नेदरलँड्समध्ये ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ ही ऐतिहासिक वास्तूंच्या छायाचित्रांची स्पर्धा सुरू झाली. २०१२ मध्ये भारतही तीत उतरला. स्पर्धा संपते, पण छायाचित्रकाराचा नामोल्लेख करून ती छायाचित्रे कोणालाही वापरता येतात.

आपल्या महाविद्यालयांनी व वाचनालयांनी ‘पुराची खूण’ हा विषय का देऊ नये? छायाचित्रासोबत ठिकाण व तारीख असावी, उंची कळण्यासाठी शेजारी मोजपट्टी धरलेली असावी. पाणी ओसरल्यावरच छायाचित्र काढावे, अशी अट असावी. बक्षिसासाठी कोणी जीव धोक्यात घालता कामा नये. एक प्रत वाचनालयात राहावी, हक्क मात्र काढणाऱ्याकडेच असावा.

यात कला कोठे राहिली, असे कोणी विचारील. चिखलाने माखलेल्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या गृहिणीचे छायाचित्र धबधब्याहून कमी बोलके असते, असे मला वाटत नाही. पुढचा पूर केव्हा येईल, हे आपल्या हाती नाही. मागचा कोठवर आला होता, हे तरी पुढच्या पिढीला दाखविता आले पाहिजे.