जीवा आणि साइन : एका शब्दाची दोन नावे

१/ नववीच्या गणितात वर्तुळाच्या प्रकरणात ‘जीवा’ भेटते. त्याच पुस्तकात त्रिकोणमितीच्या प्रकरणात ‘साइन’ भेटतो. ही दोन्ही नावे मुळात एकाच शब्दाची आहेत, हे विद्यार्थ्याला बहुधा कोणी सांगत नाही. भूमितीच्या परिभाषेचा इतिहास वर्गाबाहेर ठेवून आपण काय गमावतो, ते या धाग्यात मांडतो.

२/ ताणलेले धनुष्य डोळ्यांपुढे आणा. वाकलेला भाग म्हणजे चाप. त्याची दोन टोके जोडणारी दोरी म्हणजे ज्या किंवा जीवा. दोरीच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंत टेकवलेला बाण म्हणजे शर. प्राचीन गणितज्ञांनी वर्तुळाच्या तुकड्याला हीच नावे दिली. चित्र आणि संज्ञा यांत अंतरच उरले नाही.

३/ इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने ‘आर्यभटीय’ रचले. ग्रहांची स्थाने काढताना पूर्ण दोरीपेक्षा अर्धी दोरी सोयीची पडते. म्हणून त्याने वर्तुळाच्या चतुर्थांशाचे २२५ कलांचा एक असे २४ भाग केले आणि त्यांच्या अर्धज्यांमधील फरक सूत्रबद्ध केले. पुढे ‘अर्ध’ गळून पडले आणि ‘ज्या’ एवढाच शब्द रूढ झाला. आजचा साइन तो हाच. फरक इतकाच की आज आपण त्या लांबीला त्रिज्येने भागून घेतो.

४/ आता ‘त्रिज्या’ हा शब्द उलगडून पाहा. तीन दोऱ्या? नव्हे. पूर्ण वर्तुळ म्हणजे १२ राशी, एक राशी ३० अंशांची. तीन राशी म्हणजे ९० अंश, आणि ९० अंशांची ज्या केंद्रापासून परिघापर्यंतच्या अंतराएवढी भरते. तीन राशींची ज्या ती त्रिज्या. परिघाच्या २१,६०० कला मानल्या तर ही त्रिज्या ३,४३८ कलांची येते आणि आर्यभटाचे कोष्टक याच मानावर उभे आहे. साइन ९० अंशांना १ का होतो, याचे उत्तर या एका शब्दात दडलेले आहे.

५/ पुढे हा शब्द प्रवासाला निघाला. भारतीय ज्योतिषग्रंथ अरबीत गेले, तेव्हा ‘जीवा’चा उच्चार ‘जीबा’ झाला. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत आणि ‘जीबा’ला त्या भाषेत अर्थही नव्हता. वाचणाऱ्यांनी त्याच अक्षरांचा ओळखीचा शब्द वाचला : ‘जैब’, म्हणजे वस्त्राची छातीवरची घडी. हिंदीतला ‘जेब’ याच घराण्यातला. बाराव्या शतकात युरोपातील अनुवादकांनी त्याच अर्थाचा लॅटिन शब्द योजला, ‘सायनस’. त्याचाच पुढे ‘साइन’ झाला. धनुष्याच्या दोरीचा असा खिसा झाला.

६/ इथवर वाचून ‘सारे काही आपलेच होते’ असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरावा. ज्या बिंदूवर कंपासचे टोक रोवतो, त्याला आपण ‘केंद्र’ म्हणतो. हा शब्द मूळचा ग्रीक : ‘केंट्रॉन’, म्हणजे अणकुचीदार टोक. ग्रीक ज्योतिषाबरोबर तो संस्कृतात आला आणि रुजला. फळ्यावरच्या एका वर्तुळात केंद्र ग्रीसमधून आलेले आणि जीवा भारतातून जगभर गेलेली! ज्ञानाची देवघेव याहून स्पष्ट कुठे दिसेल?

७/ काही संज्ञा तर आजही कामावर आहेत. गवंडी भिंत सरळ आहे का ते ओळंब्याने पाहतो. ओळंबा म्हणजे अवलंब, आणि भूमितीतला ‘लंब’ त्याचाच सोयरा. समपातळी पाण्याने ठरवावी आणि उभी रेषा लंबकाने, असे आर्यभटानेही सांगितले आहे. ज्या मुलाच्या घरी गुण्या आणि ओळंबा आहे, त्याला काटकोन आणि लंब परके वाटण्याचे कारणच नाही. तरीही आपण त्याला केवळ व्याख्या पाठ करायला लावतो.

८/ हा वाद जुना आहे. १८२० च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. पुढे १८४७ च्या सुमारास बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये माध्यमाचा प्रश्न पेटला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूचे. आजचे सेमी-इंग्रजी वर्ग म्हणजे त्याच वादातली एक तडजोड होय.

९/ ‘पुढे सारे इंग्रजीतच शिकायचे, मग मराठी संज्ञांचे ओझे कशाला?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. शिवाय ‘व्युत्क्रम कोन’सारखी संज्ञा मराठी मुलालाही सहज उमगत नाही, हेही मान्य करावे लागेल. पण न उलगडलेला शब्द कोणत्याही भाषेत ओझेच असतो. ‘रेडियस’ म्हणजे लॅटिनमध्ये चाकाचा आरा, हे तरी इंग्रजी माध्यमात किती जणांना सांगितले जाते?

१०/ म्हणून माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक नव्या संज्ञेसोबत पुस्तकात तिच्या अर्थाची एक ओळ असावी. सेमी-इंग्रजी वर्गात दोन्ही संज्ञा फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात. यासाठी नवा विषय नको, जादा तासिकाही नको. शिक्षकाची दोन मिनिटे पुरेत. परिभाषा ही पूर्वजांनी करून ठेवलेली टिपणे आहेत. ती न उघडता पुढच्या पिढीच्या हाती देणे, हा त्या पिढीवर अन्याय आहे.

११/ या धाग्यावर गणिताचे अनेक शिक्षक आहेत. आपल्या वर्गात कोणती संज्ञा उलगडून सांगितल्यावर मुलांचे चेहरे उजळले, ते अवश्य लिहा. पुढच्या भागात ‘कर्ण’ घेऊ : समकोणी आकृतीच्या तिरक्या रेषेला कानाचे नाव कसे मिळाले?