विश्लेषण : मुंबईचे खेळाडू दुसऱ्या राज्याकडे का जातात? संघ बदलला म्हणजे निष्ठा संपली का?

एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने मुंबई क्रिकेट संघटनेकडे (एमसीए) ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजेच एनओसी मागितली. त्याला पुढचा मोसम गोव्याकडून खेळायचा होता. एमसीएने होकारही दिला. मे महिन्यात त्याने निर्णय फिरवला आणि मुंबईकडेच राहू देण्याची विनंती केली. तीही मान्य झाली. पण मधल्या काळात ‘ज्या मुंबईने घडवलं, तिलाच सोडून निघाला’ असा सूर उमटला.

एनओसी कशासाठी?

रणजीत आयपीएलसारखा लिलाव नसतो. खेळाडू राज्य संघटनेकडून खेळतो. संघ बदलायचा तर आधीच्या संघटनेची एनओसी घ्यावी लागते. बाहेरून येणाऱ्या ‘पाहुण्या’ खेळाडूंच्या संख्येवरही मर्यादा आहे.

खेळाडू का जातात?

बहुतेकदा प्रश्न जागेचा असतो. मुंबईने रणजी करंडक ४२ वेळा जिंकलाय, त्यामुळे इथे प्रत्येक जागेसाठी रांग लागलेली असते. अर्जुन तेंडुलकरला मुंबईकडून रणजी पदार्पणाची संधी मिळाली नाही. २०२२ मध्ये तो गोव्याकडे गेला आणि रणजी पदार्पणातच राजस्थानविरुद्ध १२० धावा केल्या. पृथ्वी शॉ २०२५ मध्ये महाराष्ट्राकडे गेला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये चंडीगडविरुद्ध त्याने २२२ धावा कुटल्या. जयस्वालचं कारण वेगळं होतं. भारताच्या या कसोटी सलामीवीराला जागेची चिंता नव्हती. गोव्याने नेतृत्वाची संधी देऊ केल्याचं त्याने तेव्हा सांगितलं होतं.

मग निष्ठेचं काय?

संघटनेची बाजू खोटी नाही. वयोगटातले संघ, प्रशिक्षक, मैदानं, प्रवास यांवर ती वर्षानुवर्षं खर्च करते. मुलगा तयार झाला की निघून जातो, ही खंत स्वाभाविक आहे.

पण मुंबई क्रिकेट उभं राहिलं तेही जागा बदलणाऱ्या मुलांवरच. सचिन तेंडुलकरने क्रिकेटसाठी वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रममध्ये प्रवेश घेतला. जयस्वाल स्वतः उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यातून मुंबईत आला आणि आझाद मैदानावरच्या तंबूत राहिला. तेव्हा त्याच्या भदोहीवरच्या निष्ठेचा प्रश्न कुणी काढला नाही. शिवाय खेळाडूला वगळताना संघटनेला कुणाची एनओसी लागत नाही. त्यामुळे निष्ठेची अपेक्षा एकाच बाजूकडून होते.

किंमत कोण मोजतं?

या चर्चेत एक जण कायम विसरला जातो, तो म्हणजे नव्या संघातला स्थानिक मुलगा. पाहुणा आला की अकरातली एक जागा कमी होते. पणजी किंवा मडगावच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाला ‘थांब’ म्हटलं जातं. पाहुण्याने अनुभव वाटला, तर ही किंमत वसूल होऊ शकते. मुंबईचा वसीम जाफर विदर्भाकडे गेला आणि त्या संघाने २०१७-१८ व २०१८-१९ असे सलग दोन रणजी करंडक जिंकले.

म्हणूनच ‘का सोडलं?’ एवढंच विचारून भागत नाही. मोसम अर्ध्यावर टाकला की पूर्ण करून निघाला, आणि नव्या संघासाठी किती झटला, यावर बांधिलकी ठरते. एनओसी फक्त वाट मोकळी करते.