विश्लेषण : इमारतीच्या सळईचा गंज पोपडे पडण्याआधी कळतो का?

विरार पूर्वेतील रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत ऑगस्ट २०२५ मध्ये कोसळली आणि १७ जणांचा बळी गेला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ (अ) नुसार ३० वर्षे जुन्या इमारतींना संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. मात्र ‘स्ट्रक्चरल ऑडिट’च्या अहवालात सळईची अवस्था खरोखर मोजली आहे की नुसती पाहिली आहे, हे सोसायट्या क्वचितच विचारतात.

सळई गंजते कशी?

सिमेंट अल्कधर्मी असल्याने सळईवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो. तोच तिचे कवच. क्लोराइड आत शिरले की हे कवच जागोजागी फुटते. किनारपट्टीवर खारा वारा, न धुतलेली खाडीची रेती आणि बांधकामाला वापरलेले मचूळ पाणी यांतून ते येते. ‘आयएस ४५६’ या मानकानुसार सळईच्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलीग्रॅमपर्यंतच क्लोराइड चालते. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे १९ हजार असते.

कवच फुटलेल्या जागी लोह विरघळते. सुटलेले इलेक्ट्रॉन सळईतूनच दुसरीकडे जातात आणि तिथे पाणी व ऑक्सिजनशी अभिक्रिया होते. म्हणजे स्लॅबच्या पोटात एक छोटी बॅटरीच चालू असते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते. पोपडे दिसतात तेव्हा ही बॅटरी बराच काळ चाललेली असते.

‘हाफ-सेल’ चाचणी काय सांगते?

एका नळीत तांब्याची कांडी आणि मोरचुदाचे द्रावण, टोकाला ओला स्पंज. व्होल्टमीटरची एक तार या कांडीला, दुसरी उघड्या केलेल्या सळईला. स्पंज ठरावीक अंतरावर टेकवत विभवाचा नकाशा काढतात. आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. उणे २०० च्या वर असेल, तर गंज नसण्याची शक्यता तेवढीच. मधला पट्टा संदिग्ध.

रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो, अल्ट्रासोनिक चाचणी काँक्रीटचा एकसंधपणा. सळईचा गंज या दोन्हींत थेट दिसत नाही.

मर्यादा कोणत्या?

पाण्याने तुडुंब काँक्रीटमध्ये ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथे गंज नसतानाही आकडा खूप उणे येतो. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या तळमजल्यांच्या खांबांबाबत हे लक्षात ठेवलेले बरे. शिवाय ही चाचणी गंजाचा वेग सांगत नाही. त्यासाठी सळईला १०-२० मिलिव्होल्टचा हलका धक्का देऊन प्रवाह मोजतात. दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोअँपिअर प्रवाह म्हणजे वर्षाला सुमारे ११.६ मायक्रोमीटर लोखंडाची झीज.

डागडुजी केली तरी पुन्हा पोपडे का?

कंत्राटदार फुटलेला भाग खरवडून नवा गिलावा भरतात. त्या जागी सळई पुन्हा सुरक्षित होते, पण शेजारच्या क्लोराइडयुक्त भागाशी विभवाचा फरक पडतो. आतापर्यंत दबून राहिलेला तो शेजारचा भाग आता गंजू लागतो आणि दोन-चार पावसाळ्यांत ठिगळाच्या कडेने नवी भेग उमटते. म्हणून दुरुस्तीची निविदा काढण्याआधी विभवाचा नकाशा मागावा; कुठे खरवडायचे हे डोळ्यांना दिसणाऱ्या पोपड्यांवरून ठरवले, तर खर्च दुसऱ्यांदा येतो.