धक्का खांद्याला की मनाला?

२०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि आमच्या महाविद्यालयातील एन.सी.सी.च्या छात्रांत नेमबाजीचे वारे शिरले. परवा एका छात्राने मला विचारले, "सर, मोठी रायफल फार लाथ मारते का हो?" या प्रश्नाला मी एकेकाळी चुकीचे उत्तर दिले होते, त्याची किंमतही मोजली होती. म्हणून हा लेखनप्रपंच.

स्वप्नीलची रायफल पॉइंट टू-टू बोअरची. तिचा धक्का नाममात्र. आम्ही १९८४ साली एका लष्करी तळावरील शिबिरात हाताळली ती ७.६२ मिलिमीटरची एस.एल.आर., म्हणजे स्वतःच पुढचे काडतूस भरणारी. नुसत्या गोळीचे वजन आणि वेग यांचा हिशेब केला, तरी टू-टूच्या सुमारे नऊपट धक्का! शेवटच्या दिवशी छात्रांची स्पर्धा होती. टू-टूवर मी पथकात पहिला. साहजिकच कॉलर ताठ. पण एस.एल.आर.च्या माझ्या गोळ्या चांदमारीच्या खालच्या मातीत गेल्या. मित्रांना मी काळानिळा पडलेला खांदा दाखवला आणि सारा दोष रायफलीवर टाकला.

आमचे उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या नकळत मॅगझिनमध्ये जिवंत काडतुसांत एक नकली काडतूस घातले आणि पुन्हा फायर करायला लावले. तिसऱ्या वेळी घोडा दाबला. नुसता 'टक्' आवाज झाला. पण नळी मात्र वीतभर खाली गेली, डोळे मिटले, खांदा पुढे आला. धक्का नव्हताच; तरी मी तो खाल्ला होता! उस्ताद एवढेच म्हणाले, "देखा?"

आम्ही कलाशाखेचे, न्यूटनशी आमची सोयरीक शाळेतच तुटलेली. तरी हा हिशेब समजण्यासारखा आहे. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा साधारण हजारावा भाग लागतो. तेवढ्या वेळात रायफल मागे सरकते ती जेमतेम एक-दीड मिलिमीटर. खरा धक्का खांद्याला कळतो तेव्हा गोळी केव्हाच निघून गेलेली असते. म्हणजे नेम बिघडवतो तो आलेला धक्का नव्हे, येणाऱ्या धक्क्याची धास्ती!

मग धक्क्याला काहीच महत्त्व नाही काय? आहे, पण ते दुसऱ्या गोळीसाठी. अमेरिकेत ओहायो राज्यातील कँप पेरीच्या स्पर्धांत २०० यार्डांवर ६० सेकंदांत १० गोळ्या झाडाव्या लागतात. तिथे प्रत्येक गोळीनंतर माशी आपोआप लक्ष्यावर परत आली पाहिजे. तिथले नेमबाज १९९०च्या दशकात ७.६२ची एम-१४ सोडून ५.५६च्या हलक्या धक्क्याच्या रायफलीकडे वळले, ते उगाच नव्हे. एस.एल.आर.मध्ये गोळीमागच्या वायूचा थोडा भाग दट्ट्याला मागे ढकलतो. त्यामुळे एकूण धक्का नाहीसा होत नाही, पण लांबवला जातो. वायू गरजेपेक्षा जास्त सोडला तर आतला भाग मागे जोरात आदळतो. कमी सोडला तर रिकामे काडतूस बाहेर पडत नाही. म्हणून तिला वायू कमीजास्त करण्याची कडी असते. नळीच्या तोंडाला ब्रेक बसवला की धक्का आणखी घटतो, पण आवाजाचा तडाखा शेजाऱ्याला बसतो.

ही सारी साधने उपयोगी आहेत. पण धास्तीवर त्यांचा इलाज नाही. तो इलाज शिकवणाऱ्याच्या हातात असतो. "मर्दासारखा धर!" असे ओरडल्याने अंग अधिकच आखडते. दस्ता खांद्याच्या खोबणीत नीट बसवावा, गाल टेकवावा, शरीर रायफलीच्या रेषेत मागे ठेवावे आणि धक्का अंगावरून जाऊ द्यावा. त्याच्याशी झुंजू नये. नकली काडतुसाचा सराव उस्तादांच्या नजरेखाली प्रत्येक छात्राला मिळावा. भ्यालेल्याला शिक्षा म्हणून नव्हे, सर्वांना पाठ म्हणून. त्यात हसण्यासारखे काही नाही.

आणि कानांत बोळे पहिल्या गोळीपासून हवेत. निम्मा धक्का आवाजाचाच वाटतो. आम्ही त्या वेळी कापूससुद्धा घालत नसू. तो भित्रेपणा वाटे. उजव्या खांद्यावरून फायर करणाऱ्याचा डावा कान नळीकडे असतो. आज माझ्या डाव्या बाजूच्या बाकांवरची कुजबुज मला ऐकू येत नाही. विद्यार्थ्यांना ही सोय वाटत असेल; मला ती शौर्याची खूण वाटत नाही.

खांद्यावरचा काळानिळा डाग आठ दिवसांत गेला. मनातली धास्ती जायला वर्ष लागले, आणि तेही ती आहे हे मी कबूल केले तेव्हा. छात्रमित्रहो, भीती वाटणे हा गुन्हा नाही; ती लपवणे मात्र नेमाला बाधते.