आशाताई : स्वयंसेविका की कर्मचारी?

आजचा लेख आजारावर नाही, दोन शब्दांवर आहे. पण त्यांचा संबंध तुमच्या घरातल्या बाळाशी आणि बाळंतिणीशी आहे.

स्वयंसेवक म्हणजे स्वखुशीने सेवा करणारा. माउलींची पालखी लोणंद-फलटणला आली की वारकऱ्यांना पाणी वाटणारी मुले स्वयंसेवक. उद्या ती आली नाहीत तर कोणी जाब विचारत नाही. कर्मचाऱ्याचे काम ठरलेले असते, वरिष्ठ असतात, जाब द्यावा लागतो. त्याबदल्यात त्याला पगार, रजा, भविष्य निर्वाह निधी मिळतो.

मग 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली आशा यांपैकी कोण? कागदावर ती ‘आशा स्वयंसेविका’. प्रत्यक्षात साधारण हजार लोकसंख्या तिच्याकडे. बाळंतपण दवाखान्यात झाले, तरी बाळाला तिने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जाऊन बघायचे. या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये! शिवाय लसीकरण, क्षयरुग्णाच्या गोळ्या, नोंदवह्या, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या बैठका. काम राहिले तर जाब आहेच. म्हणजे जबाबदारी कर्मचाऱ्याची आणि हक्क स्वयंसेवकाचे.

कोरोनाच्या काळात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत याच बायका सातारा-सांगलीच्या गल्लीबोळांत, वाड्यावस्त्यांवर ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या. तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या 50 लाखांच्या विम्यात आशांचाही समावेश होता. मेल्यावर आरोग्य कर्मचारी आणि जिवंतपणी स्वयंसेविका, हा कुठला न्याय?

काही जण म्हणतात, “काम अर्धवेळ आहे, आणि त्यांनी ते स्वेच्छेने घेतले आहे.” बाळंतपणाच्या कळा घड्याळ बघून येत नाहीत. आणि स्वेच्छेने तर शिक्षक, तलाठीही नोकरीला लागतात. म्हणून त्यांना कोणी स्वयंसेवक म्हणत नाही.

2013 च्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांतल्या महिलांना कामगार माना, अशी शिफारस केली. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, पुढे राज्याने मोबदला वाढवला. पण शब्द बदलला नाही. ‘मोबदला’ वाढला तरी तो ‘पगार’ होत नाही.

यात तुमचे काय जाते? डॉक्टरकडे तुम्ही आजार झाल्यावर येता, आशा तो व्हायच्या आधी तुमच्या दारात येते. अंग गार पडलेले, दूध न ओढणारे बाळ बऱ्याचदा आधी तिच्याच लक्षात येते. थकून तिने काम सोडले, तर त्या बाळाला दवाखान्यात पाठवणार कोण?

म्हणून पुढच्या संपात “सेवा आहे, मग पैसे कशाला?” असे म्हणू नका. ग्रामसभेत विषय मांडा, ठराव करून वर पाठवा. कामाला काम म्हणा, आणि करणारीला कर्मचारी.